एरोपोनिक्समध्ये सेंद्रिय खत: आधी पिंपात पचवा, मग मुळांवर फवारा

खानापूर, जांबोटी आणि बेळगावच्या पश्चिमेकडील गावांत जून ते सप्टेंबर या काळात पालेभाजीचा वाफा सलग आठ दिवस कोरडा मिळत नाही, तर पूर्वेकडे अथणीच्या बाजूला उन्हाळ्यात पाण्याअभावी तोच वाफा मोकळा पडतो. त्यामुळे मातीविना, थोड्या पाण्यावर आणि छपराखाली भाजी घेण्याच्या पद्धतींविषयी या भागात बरीच विचारणा होते. त्यांपैकी एरोपोनिक्स या पद्धतीत रोप झाकणाच्या छिद्रात अडकवलेले असते, मुळे खाली अंधाऱ्या पेटीत मोकळी लोंबतात आणि दर काही मिनिटांनी त्यांच्यावर अन्नद्रव्ययुक्त पाण्याचे तुषार उडवले जातात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने रोगमुक्त बियाणे बटाट्यासाठी ही पद्धत आपल्या देशात रुजवली आहे. मात्र असे बहुतेक प्रकल्प पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रासायनिक क्षारांवर चालतात. पेंड आणि गांडूळखत या आपल्या घरच्या वस्तूंवर हीच पेटी चालवायची असेल, तर कामाचा क्रम बदलावा लागतो. तो क्रम येथे सविस्तर देत आहे.

अडचण नेमकी कुठे आहे

पेंडीतील नत्र (नायट्रोजन) प्रथिनांच्या रूपात बांधलेले असते आणि झाडाची मुळे ते प्रामुख्याने अमोनियम व नायट्रेट या खनिज रूपांत घेतात. शेतात हे रूपांतर मातीतील जीवाणू करतात, कारण त्यांना राहायला मातीचे कण, ओलावा आणि हवा हे तिन्ही मिळते. तुषारांच्या पेटीत मात्र माती नाही, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नाही, जीवाणूंना तळ ठोकायला मुळांखेरीज दुसरी जागाच नाही. अशा पेटीत कच्चे सेंद्रिय द्रावण सोडले, तर सडण्याची क्रिया मुळांच्या अंगावरच सुरू होते, मुळांना लागणारा प्राणवायू जीवाणू खाऊन टाकतात आणि मुळांवर बुळबुळीत थर चढतो.

पहिल्या प्रयत्नात मी हीच चूक केली. गांडूळपाणी आणि जीवामृत (शेण, गोमूत्र व गूळ आंबवून केलेले द्रावण) दोनदा फडक्यातून गाळून पेटीला पाणी पुरवणाऱ्या टाकीत सरळ ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा नोझलांपैकी पाच बंद पडली होती, आणि जी चालू होती त्यांच्याखालची पालकाची मुळे बोटाला शेवाळासारखी चिकटत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी पाने लोळली. जीवामृत वाईट असते असे यातून सिद्ध होत नाही. शेतात ते जीवाणूंचे विरजण म्हणून काम करते, परंतु येथे त्याला पचवायला जागा आणि वेळ दोन्ही दिले गेले नव्हते.

जपानमधील शिनोहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या कामात या अडचणीवर सरळ मार्ग दाखवला होता. पाण्यात आधी योग्य जीवाणूंचे विरजण लावायचे, सेंद्रिय खत थोडे थोडे घालायचे, नायट्रेट तयार होऊ द्यायचे आणि त्यानंतरच त्या पाण्यावर रोपे लावायची. त्यांचे काम पाण्यात वाढणाऱ्या रोपांवर होते. तुषारांच्या पेटीसाठी त्याला गाळणीची आणि नोझलच्या निवडीची जोड द्यावी लागते.

पचनाचे पिंप

दोनशे लिटरचे, आतून स्वच्छ, निळे किंवा काळे प्लास्टिकचे पिंप घ्यावे आणि त्यात शंभर लिटर पाण्याची एक खेप तयार करावी. पूर्वी कीटकनाशक किंवा रसायन भरलेले पिंप कितीही धुतले तरी घेऊ नये. बुडापासून चार बोटे वर एक तोटी बसवावी, म्हणजे गाळ खाली राहून वरचे पाणी काढता येते. पिंपात मत्स्यालयाचा हवेचा पंप बुडबुडे सोडणाऱ्या दोन सच्छिद्र दगडांसह चोवीस तास चालू ठेवावा. हवेत काटकसर करू नये, कारण एक ग्रॅम अमोनियम नत्राचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो, आणि पेंडीतील इतर भाग कुजताना लागणारा प्राणवायू त्याहून वेगळा.

नायट्रेट करणारे जीवाणू पाण्यात मोकळे तरंगण्यापेक्षा खरबरीत पृष्ठभागाला चिकटून राहणे पसंत करतात. त्यासाठी पिंपात भाजक्या विटेचे किंवा जुन्या कौलांचे सुपारीएवढे तुकडे जाळीच्या पिशवीत भरून लोंबते सोडावेत. खानापूर तालुक्यात कौले आणि मातीकामाचा व्यवसाय जुना असल्याने असे तुकडे फुकटही मिळतात. ते धूळ जाईपर्यंत तीन-चार वेळा धुवावेत. ही पिशवी पुढच्या प्रत्येक खेपेत तशीच वापरायची असते. तीच खरी भांडवली वस्तू आहे, तिला क्लोरीनच्या नळपाण्याने धुऊ नये आणि उन्हात वाळवू नये. नळाचे पाणी वापरायचे असल्यास ते उघड्या हौदात एक दिवस हवेचा पंप लावून ठेवावे.

विरजणासाठी पूर्ण पिकलेले, मातीचा वास येणारे गांडूळखत अर्धा किलो मलमलच्या पोटलीत बांधून पाण्यात सोडावे. ताजे शेण किंवा गोमूत्र या पिंपात घालू नये. पालेभाजी बरेचदा कच्ची खाल्ली जाते आणि ताज्या शेणातील रोगजंतू तुषारांबरोबर सर्वत्र पसरू शकतात. गोमूत्रात तर अमोनिया आणि क्षार दोन्ही जास्त असतात.

शंभर लिटरची खेप

मुख्य खाद्य म्हणून शेंगदाण्याची पेंड घ्यावी. तिच्यात साधारण सात टक्के नत्र असते, म्हणजे 300 ग्रॅम पेंडीत सुमारे 21 ग्रॅम. त्यातील निम्मे जरी झाडाच्या उपयोगी रूपात आले, तरी शंभर लिटर पाण्यात लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास नत्र मिळते आणि पालेभाजीला ते पुरते. लाकडी घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहते व त्याचा तवंग पाण्यावर पसरून हवा अडवतो, म्हणून तेल पूर्ण काढलेली पेंड मिळाल्यास ती निवडावी. पेंडीवर बुरशीचा वास असेल तर ती टाकून द्यावी.

ही पेंड एकदम ओतायची नाही. रोज 30 ग्रॅम पेंड बारीक दळून, वाटीभर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी पातळ फडक्यातून पिळून त्याचे दूध पिंपात घालावे, आणि असे दहा दिवस करावे. चोथा शेतात टाकावा. एकाच दिवशी सगळी पेंड घातली तर पिंप आंबते आणि नायट्रेट करणारे जीवाणू मागे पडतात. गुळाचा मोह येथे टाळावा. गूळ घातला की साखर खाणारे जीवाणू झपाट्याने वाढतात, प्राणवायू संपवतात आणि पाण्यातील नत्रही स्वतःच्या शरीरात बांधून ठेवतात. चिकोडी-रायबागच्या गुऱ्हाळावरचा गूळ हाताशी असला तरी या पिंपाला तो नको.

आता पाण्याच्या स्वभावाकडे येऊ, कारण आपल्या भागात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नायट्रेट तयार होताना आम्ल सुटते आणि पाण्याचा सामू (pH) खाली येतो. सामू सहाच्या बराच खाली गेला की जीवाणूंचे काम मंदावते, म्हणून पचनाच्या काळात तो सात ते आठच्या दरम्यान ठेवायचा असतो. काळ्या रानातील बोअरवेलचे जड पाणी नोझलचा शत्रू मानले जाते, पण पिंपात ते मित्र ठरते, कारण त्यातील बायकार्बोनेट हे आम्ल शोषून घेतात. उलट खानापुरात छपरावरून गोळा केलेले पावसाचे पाणी मऊ असते आणि त्याला हा आधार नसतो. प्रथिनातील दहा ग्रॅम नत्राचे नायट्रेट होईपर्यंत साधारण 36 ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्च होते. म्हणून पावसाच्या पाण्याच्या शंभर लिटरला 40 ग्रॅम शिंपल्यांची किंवा अंड्याच्या टरफलांची बारीक पूड घालावी. ते आम्ल ही पूड हळूहळू विरघळवते आणि त्यातून लिटरमागे शंभर मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम फुकट पदरात पडते, त्यामुळे कॅल्शियमसाठी वेगळे काही घालावे लागत नाही. शक्य असल्यास पाण्याची एकदा तपासणी करून घ्यावी. बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात याबाबत चौकशी करता येते.

पेंडीत पालाश (पोटॅशियम) कमी पडते. चुलीतील लाकडाची राख थोडी चालते, परंतु पुरेसे पालाश मिळेल इतकी राख घातली तर सामू फार चढतो. उसाच्या चिपाडाची राख आपल्याकडे ढिगाने मिळते, पण तिच्यात मुख्यतः सिलिका असते. त्याऐवजी खनिज उगमाचे पोटॅशियम सल्फेट 30 ग्रॅम आणि एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) 25 ग्रॅम पचन पूर्ण झाल्यावर शंभर लिटरमध्ये विरघळवावे. लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी समुद्रशेवाळाचा अर्क बाटलीवरील मात्रेने द्यावा.

निपाणी भागातील वाचकांना एक वेगळी विनंती आहे. तंबाखूच्या काड्यांत आणि भुकटीत पालाश असते हे खरे, तरीही ती या पिंपात घालू नका. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही दीर्घकाळ टिकतो आणि तुषारांच्या बंद पेटीत मिरची किंवा टोमॅटो असेल तर एका रोपाचा रोग सगळ्या रोपांना लागतो.

खेप तयार झाली हे कसे ओळखावे

पहिल्या चार-पाच दिवसांत पाण्यावर ताकासारखा फेस येतो आणि पेंड आंबल्याचा वास येतो. दुसऱ्या आठवड्यात झाकण उघडल्यावर गोठ्यासारखा, नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास जाणवतो. या टप्प्यावर घाई करून हे पाणी रोपांना दिल्यास मुळांची टोके तपकिरी होऊन जळतात. त्यानंतर हळूहळू फेस मरतो, पाणी फिक्या चहासारखे पारदर्शक होते आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येतो.

नाकावर पूर्ण विसंबू नये. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासण्याचे थेंबांचे संच मिळतात. पिंपातील पाणी एक भाग आणि शुद्ध पाणी नऊ भाग असे मिसळून तपासावे व आकडा दहाने गुणावा, नाहीतर रंग पट्टीच्या बाहेर जातो. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढते आणि शेवटी दोन्ही उतरून नायट्रेट वाढते. पिंपातील मूळ, पातळ न केलेल्या पाण्यात अमोनिया लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्राइट एक मिलिग्रॅमच्या आत आले की खेप तयार समजावी. ऑक्टोबरच्या उबेत पहिल्या खेपेला तीन ते चार आठवडे लागतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठल्या की हे काम लक्षणीय मंदावते, म्हणून त्या दिवसांत पिंप गोठ्याच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून गोणपाटाने लपेटावे. पुढच्या खेपांसाठी एक तृतीयांश पाणी आणि विटांची पिशवी पिंपातच ठेवावी, म्हणजे काम दहा-बारा दिवसांत होते.

विद्युत वाहकतेच्या मीटरबद्दल एक सावधगिरी सांगतो. तो फक्त विरघळलेले आयन मोजतो, न पचलेले प्रथिन त्याला दिसत नाही. म्हणून कच्च्या खेपेत आकडा कमी दिसला तरी त्यात आणखी पेंड ओतू नये.

गाळणे

हवेचा पंप बंद करून पाणी रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तोटीतून वरचे पाणी काढून चार पदरी मलमलमधून आणि त्यानंतर ठिबकच्या दुकानात मिळणाऱ्या 120 मेशच्या डिस्क फिल्टरमधून गाळावे. या फिल्टरची छिद्रे सुमारे 130 मायक्रॉनची (0.13 मिलिमीटर) असतात. गाळणीचे छिद्र नोझलच्या छिद्राच्या एक पंचमांशापेक्षा लहान असावे हा नियम पाळला, तर ही गाळणी 0.8 ते 1 मिलिमीटरच्या नोझलला पुरते.

यावरून नोझलची निवडही ठरते. जास्त दाबाच्या एरोपोनिक्समध्ये 0.4 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्र वापरतात आणि थेंब 30 ते 80 मायक्रॉनचे मिळतात. मुळांसाठी ते धुके उत्तम, पण सेंद्रिय द्रावणात जीवाणूंचा थर गाळल्यानंतरही नळीच्या आत वाढत राहतो आणि इतके बारीक छिद्र त्याच्यापुढे टिकत नाही. पाणी कंपनांनी उडवणारे अल्ट्रासॉनिक फॉगरही येथे घेऊ नयेत, कारण त्यांच्या चकतीवर थर बसतो आणि ते पाणी तापवतात. माझ्या मते सेंद्रिय खतावर काम करणाऱ्याने थोडे जाड थेंब पत्करावेत आणि दोन ते तीन बार दाबावर चालणारे, हाताने उघडून साफ करता येणारे सूक्ष्म तुषार वापरावेत. पालेभाजीत यामुळे जे थोडे गमवावे लागते, ते रोज नोझल टोकरण्याच्या त्रासापुढे काहीच नाही.

पेटी, पंप आणि वेळ

पेटीची खोली मुळांसाठी किमान 45 सेंटिमीटर असावी, आत अजिबात उजेड जाऊ नये आणि तळाला एका बाजूला उतार असावा. बाहेरून पांढरा आणि आतून काळा प्लास्टिक कागद लावल्यास उन्हाळ्यात पेटी कमी तापते. मुळांजवळचे तापमान 18 ते 24 अंश राहील असे पाहावे. एप्रिलमध्ये त्यासाठी टाकी जमिनीत पुरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रोपे कोकोपीटऐवजी स्पंजच्या तुकड्यात तयार करावीत, कारण कोकोपीटचा भुसा मुळांवरून गळून परतीच्या पाण्यात येतो आणि नोझलपर्यंत पोहोचतो.

दिवसा 30 सेकंद तुषार आणि चार ते पाच मिनिटे विश्रांती, रात्री 30 सेकंद तुषार आणि दहा ते पंधरा मिनिटे विश्रांती या वेळेपासून सुरुवात करावी. पुढचे मुळांकडे पाहून ठरवावे. विश्रांती संपायच्या क्षणी झाकण उचलून पाहा: मूळ ओले चकाकत असेल पण टोकावर थेंब लोंबत नसेल, तर वेळ बरोबर आहे. टोकावर सतत थेंब असतील तर विश्रांती वाढवावी. निरोगी मुळावर कापसासारखी बारीक पांढरी लव दिसते. सेंद्रिय द्रावणात मुळांचा रंग किंचित पिवळसर होतो, त्याने घाबरून जाऊ नये, बोटाला बुळबुळ लागते का ते पाहावे.

मुळे हवेत असल्यामुळे वीज गेल्यावर पीक फार वेळ तग धरत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी तासाभरातही नुकसान होते. शेतीपंपाच्या थ्री-फेज लाइनच्या वेळापत्रकावर ही पेटी ठेवूच नये. बारा व्होल्टचा डायाफ्राम पंप बॅटरीवर चालवून ती बॅटरी हेस्कॉमच्या घरगुती विजेवर किंवा सौर पॅनेलवर चार्ज करावी.

पेटीतून परत येणारे पाणी टाकीत पडण्याआधी विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या बादलीतून झिरपू द्यावे. उरलेला अमोनिया तेथे पचतो आणि सुटलेली मुळे अडकतात.

रोपांना देताना

पालक, लेट्यूस, पुदिना आणि लाल माठ यांपासून सुरुवात करावी. फळभाजीला पालाश आणि कॅल्शियमचा तोल अधिक काटेकोर लागतो, त्यामुळे टोमॅटो दुसऱ्या वर्षी घ्यावा. लहान रोपांना द्रावण पातळ करून वाहकता 0.6 ते 0.8 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर ठेवावी, चार-पाच पाने आल्यावर ती 1.2 पर्यंत वाढवावी. टाकीतील सामू 5.5 ते 6.5 हवा. तो उतरवण्यासाठी सायट्रिक आम्ल थोडे थोडे घालता येते, परंतु जीवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत सामू पुन्हा वर येतो. म्हणून रोज सकाळी मोजणे भाग आहे.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडत आहे, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण चढलेला सामू असतो. आधी सामू दुरुस्त करावा, मग लोहाचा विचार करावा. जुनी पाने कडेने करपली तर पालाश तपासावे. सगळे रोप दुपारी लोळून संध्याकाळी उभे राहत असेल, तर खतापेक्षा नोझल आणि मुळांजवळचे तापमान पाहावे.

नोझल आठवड्यातून एकदा काढून सायट्रिक आम्लाच्या पाण्यात अर्धा तास बुडवावे आणि मऊ ब्रशने घासावे. डिस्क फिल्टर मात्र रोज धुवावा. हायड्रोजन पेरॉक्साइडने नळ्या धुणे दोन पिकांच्या मधल्या काळातच करावे आणि त्या वेळी विटांची पिशवी व बादली बाजूला काढून ठेवावी, नाहीतर तीन आठवड्यांची मेहनत एका तासात मरते.

विक्रीबाबत एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मातीविना वाढवलेली भाजी सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, आणि आपल्याकडेही पाकिटावर "सेंद्रिय" छापण्यासाठी प्रमाणीकरणाचे नियम आहेत. आपल्या पद्धतीला ते प्रमाणपत्र मिळू शकते का, हे प्रमाणीकरण संस्थेला लेखी विचारल्याशिवाय तो शब्द छापू नये. बेळगावच्या बाजारात ओळखीच्या गिऱ्हाइकाला भाजी देताना ती कशी वाढवली हे तोंडी सांगितले तर त्यात कोणाची फसवणूक होत नाही.

टाकीतील द्रावण दहा ते चौदा दिवसांनी बदलावे, कारण झाड न घेणारे क्षार त्यात साठत जातात. काढलेले पाणी नारळाच्या आळ्यात किंवा उसाच्या सरीत सोडावे. पिंपाच्या तळाचा गाळ वर्षातून दोनदा काढून गांडूळखताच्या वाफ्यात मिसळावा, आणि त्याच वाफ्यातले पिकलेले खत पुढच्या हंगामाच्या पोटलीसाठी बाजूला काढून सावलीत ओलसर ठेवावे.